कोठारातील बिनतारी जागल्या

पावसाळा हा गोमंतकातील व्यापाऱ्याचा खरा हिशेबनीस होय. दिवाळीस आपण वह्यांचे पूजन करितो. परंतु माल कोणी कसा राखला याचा ताळेबंद आषाढ-श्रावणातच निघतो. पणजीस वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकावे तसतसे हे मान वाढत जाते. डिचोली तालुक्यातील आमचे मुळगाव या दोहोंच्या मधले. केळबाईच्या देवळाचे हे गाव, शेजारी लईराईचे शिरगाव, भोवती खाणीची तांबडी माती. येथील घरांच्या भिंती चिऱ्याच्या, जाडजूड आणि पाणी पिणाऱ्या. अशा भिंतींच्या आत धान्य, कडधान्य, सुपारी, खोबरे, काजू आणि मिरी चार महिने कोरडी ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने ठेवले त्यासच ठाऊक.

या भूमीशी जैनांचा संबंध आजचा नव्हे. डिचोली तालुक्यातच कुडणे येथे जुन्या जैन बसदीचे भग्नावशेष अद्याप उभे आहेत, आणि फोंड्याकडे बांदिवडे येथे नेमिनाथ बसदीचे. त्या काळच्या श्रावकांनी आपला माल पावसात कसा राखला असेल, असा विचार कुडण्याच्या त्या पडक्या भिंतींपाशी उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही. हा प्रश्न आपल्याला इतरांहून अधिक का टोचतो, ते सांगावयास नकोच. धान्यास ओल लागली की त्यात जीवोत्पत्ती होते. इतर व्यापाऱ्यास ती केवळ नुकसान वाटते. आपल्याला ती नुकसानही असते आणि संकटही. किडलेले पोते विकता येत नाही, फेकवत नाही, आणि बंद वखारीत गोळ्या ठेवून धूर द्यावा तर आपल्याच हातून असंख्य त्रसजीवांचा घात. त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसासही प्राणघातक आहे, हे वेगळेच.

म्हणूनच आपल्या पूर्वजांनी सारा भर जीवोत्पत्ती होऊच न देण्यावर दिला. यालाच आपण जयणा म्हणतो. पिठाची मर्यादा थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३, हा अनेक घरांतून पाळला जाणारा नियम पाहावा. उष्णता आणि ओल यांचा एकत्रित परिणाम हातात कोणतेही यंत्र नसताना ओळखल्याचा तो पुरावा आहे. अहमदाबादसारख्या ठिकाणच्या जुन्या पांजरपोळांत ‘जीवातखाना’ नावाची खोली असे. किडक्या धान्यातील जीव धान्यासह तेथे नेऊन सोडीत. आज आपल्यापैकी किती जणांच्या वखारीजवळ तशी सोय आहे? नसेल, तर जयणेचा भार सगळा आधीच्या सावधगिरीवर येतो.

या सावधगिरीच्या कामी एका नव्या साधनाची योजना आम्ही केली. त्यात प्रथम जी फजिती झाली ती सांगूनच पुढे जाणे बरे.

चैत्र-वैशाखात आम्ही घरामागील कोठारात एक बिनतारी तापमापक बसविला. आगपेटीहून फारसा मोठा नसलेला हा डबीवजा तुकडा उष्णता आणि हवेतील ओलावा दोन्ही मोजतो आणि घरातील हबला कळवितो. हब तो आकडा मोबाईलवर दाखवितो. सारा जेठ सुरळीत गेला. मृग लागला, पाऊस जमला, आणि मी दुकानी बसल्या बसल्या मोबाईल पाही: २७.४ अंश, ६६ टक्के. समाधान वाटे. दुसऱ्या दिवशीही २७.४ अंश, ६६ टक्के. घरच्या कोठाराचा असा निर्धास्तपणा पूर्वी कधी अनुभवला नव्हता.

श्रावणाच्या तोंडाशी एके सकाळी आईने मुगाच्या पोत्यात हात घातला आणि मला हाक मारली.

“अरे, इकडे ये. हात घालून बघ. ऊब आलीय.”

“अगं आई, मोबाईलवर सगळं ठीक आहे.”

“मोबाईल पोत्यात घाल आणि मग बघ.”

दोन पोत्यांत भुंगा झाला होता. पोत्याच्या पोटातली उष्णता बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. हाताला कळावी इतकी. मग शोध घेतला तेव्हा उमगले की मापकाचा निरोप हबपर्यंत पोहोचणे साडेतीन आठवड्यांपूर्वीच थांबले होते. हब मात्र शेवटी मिळालेला आकडा तसाच दाखवीत राहिले होते. २७.४ अंश आणि ६६ टक्के हा मेलेल्या घड्याळातला वेळ होता, आणि मी तो चालता समजून दुकानात बसलो होतो. ती दोन पोती आम्ही सावलीत, हलक्या हाताने चाळली. निघालेले जीव धान्यासकट मागच्या बागेत आडोशाला ठेविले. त्यातले किती वाचले असतील, हे विचारू नये.

दोष यंत्राचा म्हणावा तर तसे नव्हते. उन्हाळ्यात कोरड्या चिऱ्याच्या भिंतीतून मापकाच्या लहरी कशाबशा पलीकडे जात होत्या. पावसात तोच चिरा पाण्याने भरला. पाणी या लहरी शोषून घेते. मापक आपला निरोप देत होता, पण भिंत तो गिळीत होती.

आता हे साधन चालते कसे, ते थोडे समजून घेऊ. बिनतारी लहरी आपल्या देशाला नव्या नाहीत. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अतिसूक्ष्म लहरींच्या योगे दूर अंतरावर घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखविली होती. आजचा मापक त्याच कुळातला, फक्त अतिशय काटकसरी. त्याची बॅटरी नाण्याएवढी असते आणि ती वर्ष-दोन वर्षे पुरते, कारण मापक बहुतेक वेळ झोपलेला असतो. उष्णतेत वा ओलाव्यात ठरावीक फरक पडला, किंवा ठरावीक अवधी लोटला, म्हणजे तो क्षणभर जागा होतो, आकडा सांगतो आणि पुन्हा झोपतो. वाय-फायवर बोलणारे मापकही मिळतात, परंतु वाय-फायला शक्ती फार लागते व बॅटरी लवकर संपते. म्हणून या कामी ‘झिग्बी’ नावाची बोली अधिक रूढ आहे. ती सेकंदास सुमारे २४० कोटी कंपनांच्या पट्ट्यात चालते; घरगुती वापरास आपल्याकडे तिला परवाना लागत नाही.

झिग्बी हे नाव मधमाशीच्या नागमोडी नाचावरून पडले. फुलांची दिशा आणि अंतर माशी आपल्या सोबतिणींना नाचून कळविते, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने उलगडून दाखविले व त्यास १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मध आपल्याला वर्ज्य आहे. माशीची ही निरोप पोहोचविण्याची विद्या उचलण्यास मात्र हरकत नसावी. कारण झिग्बीतही निरोप एकाकडून दुसऱ्याकडे दिला जातो. विजेच्या प्लगवर कायम चालणारे उपकरण असेल तर ते आपल्या कामाबरोबर इतरांचे निरोपही पुढे सरकविते. बॅटरीवरचा मापक हे काम करीत नाही. तो आपला निरोप देऊन झोपी जाणार.

आमची अडचण याच गुणाने सुटली. कोठार आणि माजघर यांच्या मधल्या पडवीत एक झिग्बीचा स्मार्ट प्लग बसविला. तेव्हापासून मापकाचा निरोप ओल्या भिंतीला टक्कर देत नाही. दारातून पडवीत येतो आणि तेथून हबकडे जातो.

हब म्हणजे आपल्या पेढीवरचा मुनीम समजावा. मापक हे गावोगावचे गुमास्ते. गुमास्ता दर कळवितो, मुनीम तो खतावणीत मांडतो, दोन गावांचे दर ताडून पाहतो आणि मालकास योग्य वेळी सांगतो. हा मुनीम निवडताना एक गोष्ट अवश्य पाहावी. काही हब आपली सारी नोंद दूरदेशीच्या संगणकावर पाठवितात आणि इंटरनेट बंद पडले की मुके होतात. पावसाळ्यात आपल्याकडे इंटरनेट कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय आपल्या कोठाराची वही परक्याच्या घरी का असावी? ‘होम असिस्टंट’ नावाची एक मोफत प्रणाली २०१३ पासून चालू आहे. ती घरातल्याच लहानशा संगणकावर चालते आणि नोंद घरातच राहते. आम्ही ती वापरतो. हब, त्याचा झिग्बीचा तुकडा व इंटरनेटचा राउटर या तिन्हींस इन्व्हर्टरचा आधार द्यावा. तसेच पडवीतल्या प्लगसही, कारण वीज गेली की निरोप्याच गेला. झिग्बीचा तुकडा संगणकास चिकटवून न लावता हातभर लांबीच्या तारेने थोडा दूर ठेवावा, आणि राउटरपासूनही अंतर राखावे. वाय-फाय आणि झिग्बी एकाच पट्ट्यात बोलतात. दोघे शेजारी बसले की एकमेकांचे ऐकू येत नाही.

जोडणी अवघड नाही. क्रम मात्र चुकवू नये. प्रथम हब, मग प्लग, शेवटी मापक. हबमध्ये ‘नवे उपकरण घ्यावे’ अशी आज्ञा दिली की त्याचे दार तीन-चार मिनिटे उघडे राहते. तेवढ्यात मापकाच्या बॅटरीखालील प्लास्टिकची पट्टी ओढून काढावी आणि त्यावरील बारीक बटण पाचेक सेकंद दाबून धरावे. दिवा लुकलुकू लागला की हातचे काढावे. काही क्षणांत हब त्याची ओळख पटवून घेते. न पटल्यास मापक हबजवळ नेऊन पुन्हा तसेच करावे. मग त्यास नाव द्यावे, आणि तेही असे की दहा वर्षांनी नातवासही कळेल: ‘कोठार, आत, खाली’, ‘पडवी, बाहेर’. कंपनीने दिलेले आकड्यांचे लांबलचक नाव तसेच ठेवाल तर दोन मापकांनंतर घोटाळा झालाच म्हणून समजा.

तराजू विकत आणल्यावर आपण वजन ताडून पाहतो. मापकाचेही तसेच करावे. एका वाटीत साधे मीठ घ्यावे, त्यात मीठ नुसते भिजेल इतपतच पाणी घालावे, वरती न विरघळलेले मीठ दिसले पाहिजे. ही वाटी व मापक घट्ट झाकणाच्या डब्यात, एकमेकांस न लागता, रात्रभर ठेवावी. अशा मिठावरच्या बंद हवेतील ओलावा २५ अंशांच्या आसपास ७५ टक्के असतो. तो निसर्गानेच ठरवून दिलेला आहे. सकाळी मापक ७९ दाखवीत असेल तर त्याची वजाबाकी ४ ची, ती हबमध्ये नोंदवून टाकावी. आमच्या तीन मापकांपैकी एक बरोबर निघाला, एक २ ने चढा आणि एक ३ ने उतरता. किमतीच्या मानाने हे चांगलेच म्हणावयाचे.

आता जे सांगावयाचे आहे ते या लेखातले महत्त्वाचे. एक मापक असून भागत नाही. एक आत व एक बाहेर सावलीत असे किमान दोन हवेत. कारण ओलाव्याचा टक्का मोठा फसवा आहे. व्यापाऱ्यास हे चटकन पटावे. पाच टक्के नफा म्हटला की आपण लगेच विचारतो, किती भांडवलावर? हवेचेही तसेच. ऊन हवेचे भांडवल मोठे, थंड हवेचे लहान. ३० अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३०.४ ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. २६ अंशांची हवा केवळ २४.४ ग्रॅम.

भाद्रपदात पावसाची उघडीप होते, लख्ख ऊन पडते, आणि आपण सारे काय करतो? कोठाराची दारे सताड उघडितो. त्या दुपारी बाहेर ३० अंश आणि ७० टक्के असेल, आत २६ अंश आणि ८० टक्के. टक्के पाहिले तर बाहेरची हवा कोरडी. वजन काढा: बाहेर २१.३ ग्रॅम, आत १९.५ ग्रॅम. म्हणजे दार उघडून आपण पाणीच आत घेतो. ती ऊन हवा आतल्या गारव्यात शिरून २६ अंशांवर आली की तिचा ओलावा ८७ टक्क्यांच्याही वर जातो, आणि थंड फरशीवर वा भिंतीवर दव धरते. आमच्या आजोबांच्या काळापासून उघडिपीला दारे उघडण्याचा परिपाठ होता. तो किती वेळा उलटा पडला असेल, कोण जाणे.

उलट पौष-माघातील पहाट घ्या. बाहेर २० अंश आणि ८५ टक्के, आत २७ अंश आणि ६५ टक्के. बाहेर धुके पाहून कोणीही खिडकी मिटूनच घेईल. पण वजन काढले तर बाहेर १४.७ ग्रॅम आणि आत १६.८. ती हवा आत येऊन तापली की तिचा ओलावा ५७ टक्क्यांवर उतरतो. धुक्याची ती पहाटच कोठार कोरडे करण्याची वेळ.

हा हिशेब रोज कागदावर कोण मांडणार? येथेच हबचे खरे काम आहे. दोन्ही मापकांवरून हब दवबिंदू काढते, म्हणजे ज्या उष्णतेस त्या हवेतील वाफेचे पाणी होऊ लागेल तो अंश. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा दोन अंशांनी खाली गेला की आमच्या मोबाईलवर निरोप येतो: आता खिडकी उघडावी. वर चढला की: मिटावी. नुसता घरी टांगलेला तापमापक हे सांगू शकत नाही. त्यास दुसऱ्या जागेची खबर नसते. कोठारातील हवेचा ओलावा ६५ ते ७० टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीस फारसा वाव मिळत नाही. काजूगराचे तर विशेष जपावे लागते, कारण त्याच्या अंगची ओल ५ टक्क्यांच्या आत असावी असा व्यापारातील दंडक आहे.

फजितीतून शिकलेला दुसरा नियमही आम्ही हबला घालून दिला आहे. कोणत्याही मापकाकडून दोन तास निरोप आला नाही तर मला कळवावे. हा नियम पहिल्या दिवशीच घालावयास हवा होता. हब विकणारे हे आपण होऊन सांगत नाहीत, आणि आपणही हिरव्या अक्षरातला आकडा पाहून खूश असतो. पेढीवर गुमास्त्याचे पत्र तीन आठवडे आले नाही तर आपण स्वस्थ बसलो असतो काय?

आणि आईच्या हाताचे काय? त्याचीही दखल घेतली. किडीचा वाढीस लागलेला समुदाय श्वास घेतो, आणि त्या श्वासाने धान्याच्या पोटात उष्णता व ओल दोन्ही वाढतात. साठवणीतील बहुतेक कीड २५ ते ३३ अंशांत भराभर वाढते. आपल्या हवेत ते मान बाराही महिने मिळते. पोत्याच्या आतली उष्णता कोठारातील हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी चढू लागली तर डोळ्यांस काही दिसण्याआधीच काहीतरी सुरू झाले आहे असे समजावे. नुसती डबी पोत्यात पुरून उपयोग नाही, कारण धान्यही लहरी अडविते. तारेच्या टोकाशी मोजणारा भाग असलेले मापक मिळतात. ते टोक थप्पीच्या मधल्या पोत्यात खोचावे आणि डबी बाहेर ठेवावी. यंदा आम्ही तसे केले. एकदा अंश चढू लागले तेव्हा ते पोते त्याच दिवशी वेगळे काढून उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर पसरले. कीड दिसली नाही. आईने तरीही हात घालून पाहिले.

विजेच्या उपकरणांविषयी काहींच्या मनात शंका येईल. विजेत अग्निकायिक जीव मानावे की नाही, याविषयी आपल्याच मुनिवरांत मतभेद आहेत आणि तो निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. गृहस्थाने कमीत कमी वापर करावा एवढे सर्वांस मान्य आहे. त्या दृष्टीने वर्षास एक नाण्याएवढी बॅटरी खाणारा मापक काही उधळ्या नव्हे. पंखा मात्र आम्ही हबच्या हाती दिलेला नाही. निरोप येतो, घरातले कोणीतरी उठते, पाते फिरण्याच्या जागी पाखरू वा कोळी नाही ना हे पाहते आणि मग बटण दाबते. हेही आईनेच सुचविले.

जाता जाता दोन बारीक गोष्टी. बाहेरचा मापक उत्तरेच्या बाजूस, पावसाचा सपकारा लागणार नाही असा टांगावा, आणि खाणीच्या वाहतुकीची तांबडी धूळ त्याच्या छिद्रांत बसते ती महिन्यातून एकदा कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावी. ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. नाण्याएवढ्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळल्यास त्या अन्ननलिका जाळतात व तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. आमच्याकडे सर्व मापकांच्या बॅटऱ्या दरवर्षी अक्षयतृतीयेस बदलल्या जातात, म्हणजे मृगाच्या आधी काम आटोपते. त्याच दिवशी मिठाची वाटीही डब्यात ठेवतो. सभासद बंधूंपैकी ज्यांना हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी त्या सुमारास मुळगावी अवश्य यावे. आपापला मापक बरोबर आणला तर तोही रात्रभर त्याच डब्यात बसेल.